एकदा मोजलं म्हणजे झालं का? नव्या वसाहतीचे पर्यावरण आणि वाहतुकीवरील परिणाम पुन्हा कसे तपासतात



आज शहराजवळच्या कुठल्याही गावात जा, वेशीवर एक मोठा फलक दिसतोच. त्यावर हिरवीगार झाडं, निळा जलतरण तलाव, मोकळा रस्ता आणि त्या रस्त्यावर एकच गाडी! चित्रातला तो रस्ता आणि आपली मुलं रोज शाळेत येताना ओलांडतात तो रस्ता, हे दोन्ही एकच असतात. मग खरं चित्र कोणतं? ते ठरवण्यासाठी एक शास्त्रीय पद्धत आहे. तिला पर्यावरणीय आघात मूल्यांकन म्हणतात. मोठी वसाहत बांधण्याआधी पाणी, हवा, जमीन, झाडं, प्राणी आणि रस्ते यांच्यावर काय परिणाम होईल, याचा आधी अंदाज बांधायचा आणि मगच परवानगी द्यायची, असा हा नियम.

आजच्या लेखाचा विषय त्याच्या एक पाऊल पुढचा आहे. एकदा केलेला अंदाज पुन्हा तपासायचा कधी आणि कसा? परिसर अभ्यास, भूगोल आणि गणित या तिन्ही विषयांना जोडून हा पाठ घेता येतो. इयत्ता चौथीपासून पुढे कोणत्याही वर्गाला जमेल. आणि ज्या पालकांनी नव्या वसाहतीत घर घेतलं आहे किंवा घ्यायचं ठरवलं आहे, त्यांनीही जरूर वाचावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. हा लेख घरं बांधण्याच्या विरोधात नाही. लोकांना घरं हवीत. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील याच बांधकामांवर गवंडी, सुतार, वॉचमन म्हणून काम करतात. प्रश्न एवढाच आहे, की नव्या घरात येणाऱ्यांना आणि आधीपासून राहणाऱ्यांना पाणी, हवा आणि सुरक्षित रस्ता मिळेल ना? तो हिशेब नीट झाला आहे ना?

१) नियम काय सांगतो?

आपल्या देशात पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ साली आला. त्याखाली १९९४ मध्ये आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली. सुरुवातीला तिच्यात साध्या गृहबांधणीचा समावेश नव्हता. जुलै २००४ मध्ये दुरुस्ती झाली आणि मोठी बांधकामं तिच्यात आली. त्यानंतर १४ सप्टेंबर २००६ ची नवी अधिसूचना आली. तिच्यानुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. राज्यातली तज्ज्ञ मूल्यांकन समिती कागद तपासते, शिफारस करते आणि राज्यस्तरीय प्राधिकरण मंजुरी देतं.

अर्जासोबतच्या नमुन्यात बांधकाम करणाऱ्याला बरेच प्रश्न विचारलेले असतात. पाणी कुठून आणणार? सांडपाण्याचं काय करणार? पावसाचं पाणी कुठे जाईल? किती झाडं जातील? वाहनं उभी करायला जागा कमी पडेल का? आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या ठिकाणी वाहतूक कशी सांभाळणार? पायी चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी वाट आहे का? हे प्रश्न मोठ्याने वर्गात वाचून दाखवा. मुलांना लगेच कळतं, की हे सगळे प्रश्न त्यांच्या रोजच्या जगण्यातलेच आहेत.

आता एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. खाण किंवा मोठा कारखाना येणार असेल तर सहसा गावात जनसुनावणी घ्यावी लागते. गृहबांधणी आणि नगर वसाहतींना मात्र २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे शेजारच्या विहिरीच्या मालकाला, पलीकडच्या शाळेला, रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्याला कोणी बोलावून विचारतंच असं नाही. म्हणूनच आपल्या परिसराची आपण ठेवलेली नोंद मोलाची ठरते. ती नोंद कशी ठेवायची, ते पुढे उपक्रमात पाहू.

२) पाण्याचा हिशेब फळ्यावर

समजा, गावाजवळ १,००० घरांची वसाहत येणार आहे. एका घरात ५ माणसं धरू. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरमाणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण आपल्याकडे धरलं जातं.

१,००० × ५ × १३५ = ६,७५,००० लिटर, तेही रोज!

१०,००० लिटरचा एक टँकर धरला तर साडेसदुसष्ट टँकर झाले. इथेच मुलांना विचारा, "नळाचं पाणी एक दिवस आलं नाही, तर किती टँकर रस्त्यावर धावतील?" बघा, पाण्याचं गणित वाहतुकीच्या गणितात कसं शिरलं!

वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. म्हणजे ५,४०,००० लिटर. वसाहतीतलं प्रक्रिया केंद्र नीट चाललं तर यातलं बरंचसं पाणी झाडांना आणि शौचालयांच्या टाक्यांना वापरता येतं. वीजबिल वाचवण्यासाठी ते बंद ठेवलं तर हेच पाणी ओढ्यात उतरतं. कागदावर केंद्र असणं वेगळं आणि ते रोज चालू असणं वेगळं.

आता पाऊस. एक हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर १ लाख लिटर पाणी होतं. हे मुलांकडून गुणाकार करून काढून घ्या, कारण स्वतः काढलेलं उत्तर विसरलं जात नाही. आपल्या वसाहतीची जागा ४ हेक्टर आहे आणि एका दिवसात ५ सेंटिमीटर पाऊस झाला असं समजा. एकूण २० लाख लिटर. जागा शेतीची होती तेव्हा यातलं ३० टक्के वाहून जायचं असं धरलं तर ६ लाख लिटर. काँक्रीट झाल्यावर ८० टक्के वाहून गेलं तर १६ लाख लिटर. पाऊस तेवढाच, पण ओढ्यात १० लाख लिटर जास्त आले. ओढ्यावरची मोरी मात्र तीच जुनी. खालच्या वस्तीत पाणी शिरलं की लोक म्हणतात, "यंदा पाऊस फार झाला." पावसाबरोबर जमीनही बदलली आहे, हे लक्षात येत नाही.

३) रस्त्याचा हिशेब

वाहतूक मोजताना सगळी वाहनं सारखी धरत नाहीत. मोटरसायकल रस्त्यावर थोडी जागा घेते, बस जास्त. म्हणून मोटारगाडीला १ एकक मानून बाकीच्यांना तिच्या तुलनेत गुण देतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत, वाहतुकीत दुचाक्या भरपूर असतील तर दुचाकीला ०.७५ आणि बसगाड्या थोड्या असतील तर बसला २.२ एकक धरलेले आहेत.

समजा, सकाळच्या गर्दीच्या एका तासात आपल्या वसाहतीतून ५०० वाहनं बाहेर पडतात. ३०० दुचाक्या, १८० मोटारी, २० बसगाड्या.

३०० × ०.७५ = २२५
१८० × १ = १८०
२० × २.२ = ४४
एकूण ४४९ एकक.

रस्त्यावर आधीच ८०० एकक वाहतूक आहे असं धरू. नवी बेरीज १,२४९. हे जास्त की कमी?

इथे खरी गंमत आहे. त्याच मार्गदर्शिकेत दोन पदरी, दुतर्फा रस्त्याची क्षमता रस्त्याच्या स्वरूपानुसार वेगवेगळी दिली आहे. कडेला दुकानं नाहीत, गाड्या उभ्या नाहीत, मध्येच कोणी आडवं येत नाही, असा मुख्य रस्ता असेल तर तासाला १,५०० एकक. कडेला दुकानं, उभ्या गाड्या, सतत आडवी वर्दळ असेल तर ९००. अहवालात आपला रस्ता पहिल्या प्रकारात टाकला तर उत्तर येतं, "क्षमता शिल्लक आहे." दुसऱ्या प्रकारात टाकला तर तोच रस्ता कधीच भरून वाहतो आहे. वाहनं तीच, रुंदी तीच, उत्तर मात्र उलट! आपल्या गावच्या रस्त्यावर भाजीवाले बसतात, रिक्षा थांबतात, शाळा सुटली की दीडशे मुलं एकदम बाहेर येतात. तो रस्ता कोणत्या प्रकारचा, हे गावातल्या माणसाला कोणत्याही तक्त्याशिवाय सांगता येतं.

अजून एक गोष्ट. शेजारी दुसरी तेवढीच वसाहत आली तर? १,२४९ + ४४९ = १,६९८. आता १,५०० ची मर्यादाही ओलांडली. प्रत्येक अहवाल आपल्यापुरता बरोबर असतो, "आमच्यामुळे फक्त ४४९ वाढतील." सगळ्यांची बेरीज कोण करणार? या बेरजेला एकत्रित परिणाम म्हणतात. पुन्हा मूल्यांकन करावं लागतं त्याचं हे एक मोठं कारण आहे.

४) पुन्हा मोजायचं कधी?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७० सालापासून पर्यावरण गुणवत्ता कायदा आहे. एकदा मंजूर झालेला अहवाल पुन्हा उघडायचा का, यासाठी तिथे तीन कसोट्या आहेत. प्रकल्पात मोठा बदल झाला आहे का? आजूबाजूची परिस्थिती बदलली आहे का? आधी माहीत नसलेली महत्त्वाची नवी माहिती समोर आली आहे का? यातल्या एखाद्या कारणाने नवे किंवा जास्त गंभीर परिणाम होणार असतील, तर अहवाल नव्याने किंवा पुरवणी स्वरूपात करावा लागतो.

आपल्याकडेही मंजुरी कायमची नसते, तिला मुदत असते. मंजुरीपेक्षा जास्त बांधकाम करायचं असेल, म्हणजे सात मजल्यांचे अकरा करायचे असतील, तर पुन्हा मंजुरीसाठी जावं लागतं. शिवाय मंजुरी मिळालेल्याने अटी पाळल्या की नाही याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो.

मुलांना समजावताना मी प्रगतिपुस्तकाचं उदाहरण देते. पहिल्या सत्रात वजन-उंची मोजली म्हणून दुसऱ्या सत्रात मोजायची नाही, असं आपण करतो का? मूल वाढतं, म्हणून पुन्हा मोजतो. गावही वाढतं.

५) लवासा : उशिरा झालेली तपासणी

आपल्या राज्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातलं लवासा. मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याभोवतीच्या डोंगरांत वसवलेलं हे नियोजित शहर. वरसगाव हे पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतलं धरण, हे नकाशावर मुलांना जरूर दाखवा. २००१ मध्ये राज्य सरकारने तिथली १८ गावं थंड हवेच्या ठिकाणासाठी अधिसूचित केली. मार्च २००४ मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाने २,००० हेक्टरसाठी मंजुरी दिली. डोंगरउतारावर रस्ते आणि इमारती उभ्या राहू लागल्या.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारणे दाखवा नोटीस काढली. तेव्हा जयराम रमेश पर्यावरण मंत्री होते. केंद्राची मंजुरी घेतलेली नाही, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. राज्याची परवानगी आमच्याकडे आहे आणि केंद्राच्या मंजुरीची गरज नव्हती, असं कंपनीचं म्हणणं होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०११ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने जागेची पाहणी केली. शेवटी ९ नोव्हेंबर २०११ रोजी पहिल्या टप्प्याच्या २,००० हेक्टरला अटींसह मंजुरी मिळाली. मधलं जवळजवळ एक वर्ष काम थांबलं. स्थानिक शेतकऱ्यांच्या आणि आदिवासी कुटुंबांच्या जमिनींचे प्रश्नही याच काळात आंदोलनांनी लावून धरले. पुढे २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याला आर्थिक कारणंही होती, पण पैसे भरून घराची वाट पाहणारी अनेक कुटुंबं अडकली, हे खरं. जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत तिथे दरड कोसळून बंगले गाडले गेले.

यातून विद्यार्थ्यांनी काय शिकायचं? कोण चूक, कोण बरोबर, यावर वर्गात भांडत बसण्यापेक्षा क्रम बघायला सांगा. डोंगर आधी कापला गेला आणि नीट तपासणी नंतर झाली. कापलेला डोंगर परत जोडता येत नाही. त्यामुळे उशिरा झालेल्या मूल्यांकनाच्या हाती फारसं उरत नाही. फार तर अटी घालता येतात. प्रश्न पेपर लिहून झाल्यावर विचारण्यात काय अर्थ?

६) न्यूहॉल रँच : सरासरीने फसू नका

दुसरं उदाहरण परदेशातलं आहे, पण गणिताच्या शिक्षकांना फार उपयोगी. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सांता क्लारा नदीकाठी सुमारे १२,००० एकरांवर वीस हजारांहून जास्त घरांची न्यूहॉल रँच ही वसाहत ठरली होती. २०१० मध्ये राज्याच्या वन्यजीव विभागाने तिचा परिणाम अहवाल मंजूर केला. पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या आणि ३० नोव्हेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अहवालातल्या दोन गोष्टी आपल्यासाठी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट हवेतल्या उष्णतावाढीच्या वायूंची. काहीच उपाय केले नाहीत तर जेवढं उत्सर्जन होईल, त्यापेक्षा २९ टक्के कमी करायचं, असं सगळ्या राज्याचं उद्दिष्ट होतं. अहवालात म्हटलं होतं, आमची वसाहत ३१ टक्के कमी करेल, म्हणजे आम्ही उद्दिष्टाच्याही पुढे आहोत. ऐकायला पटतं ना? न्यायालय म्हणालं, राज्याचा आकडा एका वसाहतीला जसाच्या तसा लावता येतो याचा पुरावा कुठे आहे? जुन्या इमारती बदलणं अवघड असतं, म्हणून नव्या इमारतींना कदाचित राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त कपात करावी लागेल.

वर्गात हे असं सांगा. शाळेने ठरवलं, की वर्गाची सरासरी ६० गुण हवी. वर्गात चार मुलं आजारी होती, त्यांना ४० च मिळाले. मग सरासरी ६० यायला बाकीच्यांना ६० पेक्षा जास्त मिळवावे लागतील. "मला ६१ मिळाले, माझं काम झालं" असं म्हणून चालेल का?

दुसरी गोष्ट एका छोट्या माशाची. त्या नदीत स्टिकलबॅक नावाचा पूर्ण संरक्षित मासा आहे. बांधकामाच्या वेळी मासे पकडून दुसरीकडे सोडू, असा उपाय अहवालात होता. न्यायालयाने सांगितलं, कायद्याने जो मासा पकडायलाच बंदी आहे, त्याला पकडणं हा त्याच्या संरक्षणाचा उपाय म्हणून मान्य करता येणार नाही. आपल्याकडे "झाडं तोडणार नाही, दुसरीकडे लावू" असं ऐकतो तेव्हा हे आठवावं. हलवलेली झाडं दोन पावसाळ्यांनंतर किती जगली, हे कोणी मोजलं का, हा प्रश्न विचारावा.

पुनर्मूल्यांकनाचा परिणाम काय झाला? २०१७ मध्ये सुधारित योजना मंजूर झाली. निव्वळ उत्सर्जन शून्य ठेवण्याचं मान्य केलं. छतांवर सौरऊर्जा, विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय आणि उरलेल्या उत्सर्जनासाठी इतरत्र उत्सर्जन कमी करणाऱ्या कामांना पैसे. बांधकाम वाहत्या पाण्यात उतरणार नाही, अशी पद्धतही ठरवली. वसाहत रद्द झाली नाही. ती पुढे उभी राहिली, पण आधीपेक्षा चांगल्या अटींवर. पुन्हा मोजणं म्हणजे काम बंद पाडणं, हा समज इथे खोटा ठरतो.

७) मोजपट्टीच बदलली

कॅलिफोर्नियाने वाहतुकीच्या बाबतीत आणखी एक धडा दिला. पूर्वी चौकात वाहनांना किती उशीर होतो, यावरून प्रकल्पाचा परिणाम ठरायचा. २०१३ च्या कायद्याने ही पद्धत बदलायचं ठरलं आणि १ जुलै २०२० पासून राज्यभर लोक एकूण किती अंतर वाहनाने जातात, हे माप लागू झालं.

का बरं? दोन वसाहती घेऊ. पहिली शहराबाहेर, मोकळ्या रस्त्यावर. चौकात थांबावं लागत नाही, पण कामाचं ठिकाण २५ किलोमीटरवर आहे. दुसरी शहरात, गर्दीच्या चौकाजवळ, पण काम ४ किलोमीटरवर. दोन्हीकडून रोज ५०० वाहनं जातात आणि परत येतात.

पहिली : ५०० × २ × २५ = २५,००० किलोमीटर
दुसरी : ५०० × २ × ४ = ४,००० किलोमीटर

जुन्या मापाने दुसरी वसाहत वाईट ठरते, कारण चौक तुंबतो. नव्या मापाने पहिली वाईट, कारण धूर आणि इंधन सहापट. लवासा पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तिथला घाटरस्ता मोकळा असला, तरी त्या वाहतुकीचा भार शेवटी पुण्याच्या वेशीवर येतो. चांदणी चौकाचं उदाहरण मुलांना माहीत असतं. बावधन, कोथरूड, मुळशी अशा सगळ्या बाजूंनी वस्ती वाढत गेली आणि तिथला जुना पूल अपुरा पडला. तो २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पुलाचं उद्घाटन झालं. वसाहतीचा परिणाम तिच्या फाटकावर मोजला तर थोडा दिसतो, दूरच्या चौकात मोजला तर खरा दिसतो.

८) वर्गासाठी उपक्रम : आपली नोंदवही

आता आपण काय करू शकतो ते पाहू. खर्च काहीच नाही. एक वही, पेन्सिल आणि घड्याळ.

वाहनांची मोजणी : मुलांना रस्त्याच्या कडेला उभं करू नका. शाळेच्या वरच्या मजल्यावरून किंवा कुंपणाच्या आतून मोजा आणि सोबत मोठं माणूस ठेवा. अर्धा तास, ताळ्याच्या खुणा करून दुचाकी, मोटार, रिक्षा, बस, टँकर, डंपर असे रकाने भरा. पायी जाणाऱ्यांचा रकाना विसरू नका, कारण अहवालांत तोच बहुतेक वेळा सुटतो.

महिना महत्त्वाचा : मोजणी मे महिन्यात केली तर शाळेची गर्दी दिसणारच नाही. कोणत्याही अहवालात वाहतूक मोजली असेल तर तारीख बघायला शिकवा. सुट्टीतली मोजणी म्हणजे रिकाम्या वर्गात हजेरी घेणं. आपण जुलै आणि जानेवारीत मोजू आणि दरवर्षी त्याच महिन्यांत पुन्हा मोजू.

विहिरीची पातळी : परवानगी घेऊन एखाद्या कठडा असलेल्या विहिरीची पातळी मोठ्या माणसाने दोरीने मोजायची आणि मुलांनी लिहायची. सप्टेंबरची पातळी सप्टेंबरशीच ताडून बघा, मेशी नाही.

ओढा आणि झाडं : पावसाळ्यानंतर ओढ्याचा रंग, वास, फेस लिहा. शाळेच्या वाटेवरच्या झाडांना क्रमांक द्या.

तीन वर्षं ही वही चालू राहिली तर गावाकडे स्वतःचा पुरावा तयार होतो. ग्रामसभेत "गर्दी फार वाढली हो" असं म्हटलं तर लोक मान डोलावतात आणि विसरतात. "तीन वर्षांपूर्वी अर्ध्या तासात इतकी वाहनं होती, आज इतकी आहेत आणि हा बघा तक्ता" असं म्हटलं तर ते इतिवृत्तात लिहावं लागतं. शाळेपुढे गतिरोधक, पादचारी पट्टे, शाळेच्या वेळेत डंपरला बंदी, अशा साध्या मागण्यांना मग वजन येतं.

९) पालकांसाठी चार प्रश्न

नव्या वसाहतीत घर घेणार असाल तर नमुना फ्लॅटमधल्या फरशीइतकंच लक्ष या प्रश्नांकडे द्या.

१. पर्यावरण मंजुरीचं पत्र आहे का आणि त्यात किती बांधकाम लिहिलं आहे? मंजुरी मिळाल्याची जाहिरात स्थानिक वृत्तपत्रांत, त्यातल्या एका तरी मराठी वृत्तपत्रात, द्यावी लागते. पत्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावरही शोधता येतं.
२. पुढच्या टप्प्यात मजले वाढणार आहेत का? वाढणार असतील तर नवी मंजुरी घेतली का?
३. पाणी कुठून येणार, मे महिन्यात कुठून येणार?
४. सांडपाणी केंद्र रोज चालतं का? आधीच राहायला आलेल्या लोकांना विचारा.

तुम्ही घर घेतल्यावर तुम्हीही त्या गावाचे झालात. मग आधीच्या लोकांची विहीर आणि तुमचा नळ एकाच भूजलावर चालतात, हेही लक्षात असू द्या.

स्वाध्याय

१. ५०० घरं, घरात ४ माणसं. रोज किती लिटर पाणी लागेल? किती सांडपाणी तयार होईल?
२. गर्दीच्या तासात २०० दुचाक्या, १०० मोटारी आणि १० बसगाड्या बाहेर पडतात. एकूण एकक काढा.
३. "आमची वसाहत तुमच्या गावाचा विकास करेल" या वाक्याची खात्री करायला तुम्ही कोणत्या तीन गोष्टी मोजाल? कोणत्या महिन्यात?
४. आजीआजोबांना विचारा : तुम्ही लहान असताना शाळेचा रस्ता कसा ओलांडायचात? उत्तर पाच ओळींत लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा, शिक्षकहो. जुनी मोजमापं कुठल्याही कार्यालयात मिळत नाहीत, ती या उत्तरांत मिळतात. आपण पुन्हा मोजतो तेव्हा पहिलं माप कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. आपल्या गावाचं पहिलं माप आपल्याच वर्गात लिहिलं जावं. या जुलैत सुरुवात करा आणि तुमच्या शाळेचा तक्ता कसा झाला ते नक्की कळवा.